झाडू, हस्तांदोलन आणि कला

चित्र भिंतीवर टांगता येते, शिल्प चौथऱ्यावर उभे करता येते आणि नाटकाचा पडदा पडला की प्रेक्षक आपापल्या घरी जातात. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलेचा असा एक प्रकार रुजला की ज्याच्यापाशी टांगायला चित्र नाही, विकायला शिल्प नाही आणि पाडायला पडदाही नाही. कलावंत स्वतःच्या शरीराने, ठरवून घेतलेल्या वेळात, लोकांसमोर किंवा लोकांबरोबर काही एक कृती करतो. ती कृती हीच कलाकृती. या प्रकाराला 'परफॉर्मन्स आर्ट' म्हणतात. मराठीत त्याला सर्वमान्य शब्द नाही. 'प्रयोगकला' म्हणावे तर नाटक-नृत्याशी घोटाळा होतो. म्हणून प्रस्तुत लेखापुरता मी 'कृतिकला' हा शब्द वापरते.

कलेच्या इतिहासाच्या तासाला हा विषय निघाला की विद्यार्थी दरवर्षी दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "बाई, यात कला कुठे आहे?" आणि दुसरा, "याचा लोकांना उपयोग काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. व्याख्यांच्या आधारे त्यांची उत्तरे देता येतात, पण ती पटत नाहीत. त्यापेक्षा एका कलावंताने जन्मभर काय केले, हे बारकाईने पाहिले तर काही हाती लागते असा माझा अनुभव आहे. म्हणून या लेखात मी अमेरिकन कलावंत मिअर्ल लॅडरमन युकेलीस यांच्या कामाचा परिचय करून देणार आहे. त्यांनी कृतिकला आणि लोकसहभागाचा प्रकल्प या दोन वाटा एकत्र आणल्या, आणि तेही शहरातल्या सर्वांत दुर्लक्षित कामाच्या, म्हणजे सफाईच्या निमित्ताने.

थोडी पूर्वपीठिका

१९५९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या रूबेन गॅलरीत ॲलन कॅप्रो यांनी 'सहा भागांतील अठरा हॅपनिंग्ज' हा प्रयोग केला. दालनाचे प्लॅस्टिकच्या पडद्यांनी तीन कप्पे केले होते आणि कोणी केव्हा कोठे बसायचे, केव्हा उठायचे याच्या सूचना प्रेक्षकांना दिल्या होत्या. प्रेक्षक हा नुसता पाहणारा राहिला नाही, तो कृतीचा भाग झाला. १९६४ मध्ये क्योटो येथे योको ओनो रंगमंचावर स्तब्ध बसल्या आणि प्रेक्षकांनी एकेक करून पुढे येऊन त्यांच्या अंगावरचे कपडे कात्रीने कापले. १९७४ मध्ये नेपल्स येथे मारिना अब्रामोविच यांनी टेबलावर ७२ वस्तू मांडल्या आणि सहा तास स्वतःला लोकांच्या स्वाधीन केले. त्या वस्तूंत फूल होते, मध होता आणि पिस्तूल व गोळीही होती. सौम्यपणे सुरू झालेला तो प्रयोग शेवटी हिंसक होत गेला.

ही उदाहरणे प्रसिद्ध आहेत आणि परीक्षेतही विचारली जातात. परंतु त्यांत एक गोष्ट समान आहे. कलावंत परिस्थिती रचतो, लोक त्या परिस्थितीत काही तास येतात आणि निघून जातात. त्यांच्या रोजच्या आयुष्याशी, पोटाच्या उद्योगाशी त्या कृतीचा संबंध नसतो. जर्मन कलावंत योसेफ बॉइस यांनी ही मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न केला. १ मे १९७२ रोजी कामगार दिनाचा मोर्चा पांगल्यावर त्यांनी दोन परदेशी विद्यार्थ्यांसह पश्चिम बर्लिनमधील कार्ल मार्क्स चौक झाडून काढला आणि जमलेला केरकचरा गॅलरीत मांडला. पुढे १९८२ पासून कासेल शहरात त्यांनी ७००० झाडे लावण्याचा प्रकल्प हाती घेतला. प्रत्येक झाडाशेजारी बेसाल्टचा एक दगड उभा केला जाई. बॉइस १९८६ मध्ये वारले. शेवटचे झाड १९८७ मध्ये त्यांच्या मुलाने लावले.

बॉइस यांनी चौक एकदा झाडला. रोज झाडणाऱ्याचे काय, हा प्रश्न शिल्लकच राहिला. युकेलीस यांचे काम नेमके तेथे सुरू होते. किंबहुना ते बॉइस यांच्या झाडूच्या तीन वर्षे आधीच सुरू झाले होते.

घडवणे आणि राखणे

युकेलीस यांचा जन्म १९३९ मध्ये डेन्व्हर येथे झाला. कलाशिक्षण घेऊन त्या न्यूयॉर्कमध्ये काम करू लागल्या. १९६८ मध्ये त्यांना पहिले मूल झाले आणि आयुष्याचे सरळ दोन तुकडे पडले. अर्धा आठवडा कलावंत, अर्धा आठवडा आई. त्या काळच्या कलाविश्वाचे दैवत होते नावीन्य. कलावंत म्हणजे मोकळा, बंधने तोडणारा, रोज नवे काही शोधणारा पुरुष. घरी मात्र तीच दुपटी, तेच धुणे, तीच भांडी. आज केले ते उद्या पुन्हा. आपल्याकडे बायकांच्या आयुष्याचे वर्णन 'रांधा, वाढा, उष्टी काढा' या चार शब्दांत केले जाते. युकेलीस यांच्यापुढे तेच चार शब्द इंग्रजीत उभे होते.

ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांनी टंकलिखित चार पानांचा एक जाहीरनामा लिहिला. त्यातील मुख्य विचार असा: जगात दोन प्रकारचे काम चालते. एक घडवण्याचे आणि दुसरे राखण्याचे. घडवण्यात नवेपणा आहे, प्रगती आहे, कीर्ती आहे. राखण्यात पुनरावृत्ती आहे, कंटाळा आहे आणि सगळा दिवस खाऊन टाकण्याची शक्ती आहे. जग पहिल्याचा गौरव करते आणि दुसऱ्याला किमान वेतन देते, किंवा गृहिणीच्या बाबतीत तेही देत नाही. क्रांती झाल्यावर सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार, अशा आशयाचा एक खोचक प्रश्न त्यांनी त्यात विचारला. आणि मग जाहीर केले की मी घरी जे धुणे-पुसणे, शिजवणे, सांभाळणे करते तेच यापुढे कला म्हणून सर्वांसमोर करीन. या कलेला त्यांनी नाव दिले 'मेंटेनन्स आर्ट', म्हणजे देखभालीची कला.

जाहीरनाम्याबरोबर एका प्रदर्शनाचा आराखडाही होता. त्याचे तीन भाग होते. पहिल्यात कलावंताने पती आणि मुलासह संग्रहालयात राहायचे आणि तेथली झाडलोट, स्वयंपाक करायचा. हेच काम प्रदर्शन. दुसऱ्यात निरनिराळ्या व्यवसायांतल्या माणसांना विचारायचे की तुमच्या आयुष्यातला किती भाग राखण्यात जातो आणि त्याविषयी तुम्हाला काय वाटते. तिसऱ्यात शहराचा कचरा, दूषित हवा, दूषित पाणी संग्रहालयात आणून शास्त्रज्ञांकडून त्यांचे शुद्धीकरण करायचे. ते प्रदर्शन त्या स्वरूपात कधी भरले नाही. परंतु पुढची पन्नास वर्षे युकेलीस यांनी जे जे केले त्याचे बीज या तीन भागांत आहे. स्वतःचे घर, इतरांचे काम आणि पृथ्वी, असा हा वाढत जाणारा परीघ आहे.

एकच फडके, तीन नावे

१९७३ मध्ये समीक्षक लूसी लिपार्ड यांनी केवळ स्त्री-कलावंतांचे एक फिरते प्रदर्शन भरवले होते. ते हार्टफर्ड येथील वॉड्सवर्थ ॲथेनियम या संग्रहालयात आले तेव्हा, त्या वर्षीच्या जुलै महिन्यात, युकेलीस यांनी तेथे काही कृती केल्या. त्यांनी संग्रहालयाच्या बाहेरच्या पायऱ्या आणि फरसबंदी पाण्याने धुऊन काढली. नंतर आतली फरशी गुडघ्यांवर बसून पुसली. पुसण्यासाठी फडकी होती ती बाळाच्या दुपट्यांची. प्रेक्षक चालत येत, पावलांचे ठसे उमटत, त्या पुन्हा पुसत. हे तासन् तास चालले.

माझ्या मते अभ्यासाच्या दृष्टीने अधिक मोलाची कृती दुसरी आहे. संग्रहालयात एक प्राचीन ममी काचेच्या कपाटात ठेवलेली होती. त्या काचेवरची धूळ रोज सफाई कामगार पुसत असे. युकेलीस यांनी एके दिवशी ती काच स्वतः पुसली आणि त्यावर 'देखभाल-कला, मूळ कृती' अशा आशयाचा शिक्का मारला. आता ती पुसलेली काच ही कलाकृती झाली. कलाकृतीला हात लावण्याचा अधिकार सफाई कामगाराला नसतो. तो संवर्धकाला असतो. तेव्हा पुढची पुसणी संवर्धकाने केली. फडके तेच, काच तीच, धूळही तीच. कामगाराने पुसले की सफाई, कलावंताने पुसले की कला, संवर्धकाने पुसले की शास्त्र. हुद्दा बदलला की कामाचे नाव, मोल आणि मान सगळे बदलते, हे कोणतेही भाषण न करता त्यांनी दाखवून दिले. "यात कला कुठे आहे?" या प्रश्नाचे उत्तर मी विद्यार्थ्यांना येथे देते. रोज डोळ्यांसमोर असून न दिसणारी गोष्ट दिसू लागते, तेथे कला आहे.

त्याच संग्रहालयात त्यांनी पहारेकऱ्यांच्या किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन दालने बंद करण्याची आणि उघडण्याची कृतीही केली. किल्ली फिरवणारा माणूस एरवी कोणाच्या खिजगणतीत नसतो. पण ती फिरली की मोठमोठ्यांची धांदल उडते, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

तीनशे कामगारांचा एक तास

येथपर्यंत काम कलावंताच्या स्वतःच्या हातांचे होते. १९७६ मध्ये त्यात मोठा बदल झाला. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाची एक शाखा एका उत्तुंग कार्यालयीन इमारतीत होती. त्या इमारतीत दिवस-रात्र पाळ्यांमध्ये मिळून सुमारे ३०० सफाई व देखभाल कामगार काम करीत. युकेलीस यांनी त्या प्रत्येकाला पत्र लिहून विनंती केली की रोजच्या कामातला कोणताही एक तास निवडा आणि तो तास आपण कला करतो आहोत असे समजा. कामात काहीही बदल करू नका. काही आठवडे त्या पाळ्यांमधून हिंडत होत्या. कामगाराचे जागच्या जागी छायाचित्र काढायचे आणि त्यालाच विचारायचे, "हे काम की कला?" तो सांगेल ती चिठ्ठी त्या छायाचित्राखाली लावायची. अशी ७२० छायाचित्रे संग्रहालयाच्या भिंतीवर मांडली गेली.

यातली गंमत अशी की शेजारी शेजारी दोन माणसे तेच काम करताना दिसतात. एकाने 'कला' म्हटले, दुसऱ्याने 'काम'. ठरवण्याचा अधिकार कलावंताकडून कामगाराकडे गेला. लोकसहभाग हा शब्द आज फार स्वस्त झाला आहे. लोकांना रांगेत उभे करून रंग फासायला लावणे म्हणजे सहभाग नव्हे. कृतीचा अर्थ काय हे सांगण्याचा हक्क ज्याच्या हाती जातो तो खरा सहभागी.

या प्रदर्शनावर लिहिताना एका वृत्तपत्रीय समीक्षकाने थट्टेने सुचवले की शहराच्या सफाई खात्यानेही आपल्या कामाला कृतिकला म्हणावे, म्हणजे कलेचे अनुदान मिळेल. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर पोहोचले होते, हा या थट्टेचा संदर्भ. युकेलीस यांनी ती थट्टा मनावर घेतली. परीक्षणाचे कात्रण त्यांनी सरळ सफाई खात्याच्या आयुक्तांकडे धाडले. तिकडून विचारणा आली की दहा हजार माणसांबरोबर कला करायला आवडेल का? १९७७ पासून त्या खात्याच्या 'निवासी कलावंत' झाल्या. हे पद बिनपगारी होते.

साडेआठ हजार हात

'टच सॅनिटेशन' हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम. २४ जुलै १९७९ ते २६ जून १९८० असे अकरा महिने ते चालले. शहराचे ५९ प्रभाग त्यांनी दहा फेऱ्यांत वाटून घेतले आणि खात्यातील सुमारे ८,५०० कर्मचाऱ्यांपैकी प्रत्येकाला समक्ष भेटून, त्याच्या डोळ्यांत पाहून हस्तांदोलन केले. प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हटले: न्यूयॉर्क शहर जिवंत ठेवल्याबद्दल तुमचे आभार.

सकाळी सहाच्या हजेरीला त्या कर्मचाऱ्यांबरोबर उभ्या राहत. गाडीमागून चालत. वाकणे, पिंप उचलणे, फेकणे या हालचाली त्यांच्यामागोमाग नक्कल करून पाहत. नकाशावर कोठवर पोहोचलो याच्या खुणा करीत. कचराकुंडी, गॅरेज, धक्के, कचरा भरावाची जागा, एकही ठिकाण सोडले नाही. नमुन्यादाखल शंभर जण घेऊन त्यांना भागले असते. परंतु शंभरांशी केलेले हस्तांदोलन हे प्रतीक झाले असते. साडेआठ हजारांशी केलेले हस्तांदोलन हे काम झाले. ज्याचे काम रोज तेच, त्याच्याशी नाते जोडायचे तर आपणही रोज तेच केले पाहिजे, हे या आकड्यामागचे सूत्र आहे.

माणसे बोलू लागली. एकाने सतरा वर्षांपूर्वीची हकीकत सांगितली. ब्रुकलिनमध्ये कडक उन्हाळ्याच्या दिवशी एका घरचा कचरा भरून झाल्यावर ते दमून त्याच घराच्या पायरीवर टेकले. दार उघडून मालकीण म्हणाली की घाणेरड्या वासाचे कचरेवाले तुम्ही, माझी पायरी नासवू नका, चालते व्हा. ते शब्द सतरा वर्षे त्याच्या घशात अडकून राहिले होते. ते आज तुम्ही पुसलेत, असे तो युकेलीस यांना म्हणाला. त्यांनी हे ऐकून सोडून दिले नाही. १९८४ मध्ये आपल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांनी गॅलरीच्या दर्शनी भागी त्या पायरीची प्रतिकृती उभारली. सफाई कामगारांना लोकांनी आजवर ज्या ज्या शिव्या दिल्या त्या काचेवर रंगवल्या आणि समाजाच्या निरनिराळ्या थरांतील प्रतिष्ठितांना बोलावून त्यांच्या हातून ती काच धुऊन घेतली. शिवी देणारा समाज आणि पुसणारा समाज एकच, ही गोष्ट पाण्याने आणि फडक्याने सांगितली गेली.

आणखी एक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये कचरा उचलणारे सगळे कर्मचारी पुरुष होते. पहिल्या स्त्रिया त्या कामावर १९८६ मध्ये आल्या. तरीही या धिप्पाड पुरुषांची तक्रार घरातल्या बाईचीच होती: लोक आम्हाला त्यांची आई किंवा मोलकरीण समजतात. १९६९ मध्ये एका आईने लिहिलेला जाहीरनामा आणि हे पुरुष येथे एका रेषेत येतात. राखण्याचे काम करणाऱ्याचे लिंग कोणतेही असो, त्याच्या वाट्याला येणारी अदृश्यता तीच असते.

युकेलीस तेवढ्यावर थांबल्या नाहीत. १९८३ मध्ये त्यांनी कचऱ्याची एक गाडी आरशांनी मढवली. मिरवणुकीत ती गाडी पुढे सरके तसतशी रस्त्यावरच्या लोकांना तिच्यात स्वतःची प्रतिमा दिसे. कचरा कोणाचा, याचे उत्तर आरसाच देई. स्टेटन आयलंडवरील फ्रेश किल्स या अवाढव्य कचरा भरावाच्या जागेवर त्या १९८९ पासून काम करीत आल्या. १९४८ मध्ये सुरू झालेला तो भराव २००१ मध्ये बंद झाला आणि तेथे उद्यान उभे राहत आहे. २०१६-१७ मध्ये क्वीन्स संग्रहालयाने त्यांच्या एकूण कामाचे मोठे प्रदर्शन भरवले. २०२० मध्ये महामारीच्या काळात सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी त्यांचा आभाराचा संदेश टाइम्स स्क्वेअरमध्ये झळकला. एकच वाक्य चाळीस वर्षांनी पुन्हा म्हणावे लागले, यातच त्या वाक्याची गरज दिसून येते.

आभाराने पोट भरते काय?

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप सरळ आहे. हस्तांदोलनाने पगार वाढत नाही. दुसरा अधिक बोचरा आहे. ८,५०० माणसांनी हात पुढे केले, पण इतिहासात नाव राहिले ते एकट्या कलावंताचे. तिसरा असा की अशा उपक्रमांनी खात्याची प्रतिमा उजळते आणि मूळ प्रश्न झाकला जातो.

हे आक्षेप खोडून काढता येतील असे मला वाटत नाही, आणि खोडून काढण्याची घाईही करू नये. परंतु त्यांच्या शेजारी एक घटना ठेवून पाहावी. १९६८ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कृष्णवर्णीय कामगार मरण पावले आणि सफाई कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या पाठिंब्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल रोजी तेथेच हत्या झाली. त्या संपकऱ्यांच्या मागण्यांत पगार होता, सुरक्षितता होती. परंतु हातातल्या फलकांवर त्यांनी लिहिले होते ते एवढेच, की मी माणूस आहे. मान आणि पगार या दोन मागण्या त्यांनी कधी वेगळ्या केल्या नाहीत. तेव्हा कलेने संघटनेची जागा घेऊ नये, तशी ती घेऊही शकत नाही. पण माणूस म्हणून पाहिले जाणे ही चैन नव्हे, तो मागणीचाच पहिला भाग आहे.

आपल्या अंगणात

झाडू आणि जनसमुदाय या दोन गोष्टी एकत्र आल्या की मराठी वाचकाला गाडगेबाबांची (१८७६–१९५६) आठवण झाल्यावाचून राहत नाही. गावात शिरायचे ते हातात झाडू घेऊन, दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनही प्रश्नोत्तरांचे, श्रोत्यांनाच विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. त्यांनी याला कला म्हटले नाही, म्हणण्याचे कारणही नव्हते. परंतु शरीर, वेळ, लोक आणि आशय यांचा असा मेळ क्वचितच कोठे सापडेल. कृतिकला ही केवळ परदेशी आयात आहे असे समजणाऱ्यांनी या परंपरेकडे जरूर पाहावे.

मात्र एक फरक विसरता कामा नये. न्यूयॉर्कचा सफाई कामगार त्या कामाला जन्माने बांधलेला नव्हता. आपल्याकडे हे काम जातीने वाटून दिले गेले. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे झाले. तरीही गटारात उतरून माणसे मरत आहेत. ज्या समाजात स्पर्शच नाकारला गेला, तेथे हस्तांदोलनाला वेगळेच वजन येते आणि त्याच कारणाने ते अपुरेही पडते. येथे नुसते आभार मानणे म्हणजे त्या माणसाला त्याच जागी राहा असे गोड शब्दांत सांगणे होण्याचा धोका आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची जी कृष्णधवल छायाचित्रे काढली त्यांत आभार नाहीत. गटारात उतरलेला माणूस आहे, त्याचे घर आहे, त्याचे कुटुंब आहे. पाहणाऱ्याला मान वळवता येत नाही. आपल्या परिस्थितीला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो.

लोकसहभागाचे दुसरे मोलाचे उदाहरण नवज्योत अल्ताफ यांचे आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या कलावंत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बस्तरमधील कोंडागाव येथे राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेसूराम या आदिवासी भागातील कलावंतांबरोबर काम करीत आल्या. त्यांच्या 'नळपार' या प्रकल्पात सार्वजनिक हातपंपांचा परिसर नव्याने बांधला गेला. पाणी साचून चिखल होऊ नये अशी वाट काढली आणि भरलेला हंडा डोक्यावर घेण्याआधी मध्ये टेकवता येईल असे ओटे केले. जमिनीवरून थेट डोक्यावर हंडा उचलणाऱ्या बाईच्या कमरेचा विचार करून घडवलेले शिल्प, असे मी त्याचे वर्णन करीन. "याचा उपयोग काय?" हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने तो ओटा डोळ्यांपुढे आणावा.

एक छोटा प्रयोग

गेल्या वर्षी शिल्पकला आणि चित्रकला या दोन्ही वर्गांतील काही विद्यार्थ्यांना घेऊन मी युकेलीस यांच्या 'एक तासा'चा प्रयोग आपल्या महाविद्यालयात करून पाहिला. झाडलोट करणाऱ्या दोन मावश्या, ग्रंथालयातले मामा, माळी आणि रात्रीचे पहारेकरी अशा पाच जणांना विचारले की तुमच्या कामातला कोणता तास आम्ही तुमच्याबरोबर करावा. छायाचित्राखाली 'काम' लिहायचे की 'कला' हे त्यांनीच सांगायचे. पहारेकऱ्यांनी छायाचित्राला नकार दिला. त्यांची चौकट आम्ही रिकामी ठेवली. मामांनी फाटक्या पुस्तकाला खळ लावण्याचा तास निवडला आणि "कला लिहा, बाई, बिनधास्त" असे सांगितले.

एका मावशींनी शिल्पकलेच्या वर्गातला संध्याकाळचा तास निवडला. त्या म्हणाल्या, "बाई, तुमची पोरं पीओपीची बादली तशीच मोरीत ओतत्यात. आत जाऊन त्याचा दगड होतो. मग मी खरवडत बसते." त्यांनी मुलांना शिकवले: बादली रात्रभर तशीच ठेवायची, गाळ तळाशी बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी सकाळी काढायचे आणि खालचा थर फडक्यात घेऊन कचऱ्यात टाकायचा. झाडण्याआधी पाण्याचा हबका मारायचा, नाहीतर धूळ नुसती इकडची तिकडे होते. मुले त्या तासभरात घामाघूम झाली. छायाचित्राखाली काय लिहायचे असे विचारले तेव्हा मावशी हसून म्हणाल्या, "कला म्हटलं तर पगार वाढंल का? मग कामच लिवा." आम्ही तसेच लिहिले.

प्रदर्शन तीन दिवस होते. त्यानंतर जे उरले ते असे. शिल्पकलेच्या वर्गात प्रात्यक्षिकाची शेवटची दहा मिनिटे आवराआवरीसाठी राखली जातात आणि मोरीशेजारी गाळ बसवण्याची वेगळी बादली आहे. तीवर मावशींनी सांगितलेली रीत मुलांनी रंगवून लिहिली आहे, खाली मावशींच्या नावासह. पगाराचा प्रश्न मात्र जेथल्या तेथे आहे, हेही नमूद केले पाहिजे.

सारांश

आपले विद्यार्थी युवक महोत्सवासाठी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांसाठी असे उपक्रम उत्साहाने करतात. त्यांना उपयोगी पडतील अशा काही कसोट्या वरील विवेचनातून निघतात. आपण ज्यांच्याबरोबर काम करणार त्यांना किती वेळ देणार, एक दिवस की एक वर्ष? अर्थ ठरवण्याचा आणि नकार देण्याचा हक्क त्यांच्याकडे आहे का? त्यांची नावे कोठे लिहिली जाणार? आपण त्यांना शिकवायला जातो आहोत की त्यांच्याकडून शिकायला? आणि आपण निघून आल्यावर तेथे काय उरणार, केवळ आपल्याजवळची छायाचित्रे की त्यांच्याजवळचा एखादा ओटा, एखादी बादली?

या प्रश्नांची उत्तरे देता आली तर उपक्रमाला कोणतेही नाव द्यावे. उत्तरे देता येत नसतील तर गावात जाऊन नुसते झाडावे, फोटो काढू नये. ते कामही पुरेसे मोठे आहे.